सिस्टर स्लेजची कारकीर्द मांडताना: तक्ता आधी, गोष्ट नंतर

श्रवणसत्रांसाठी लिहून आलेली टिपणं तपासायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सिस्टर स्लेज या अमेरिकी बहिणींच्या गायनचमूवरचं टिपण हातात आलं की पहिलं वाक्य न वाचताही सांगता येतं: १९७९ साली चार बहिणींनी ‘वी आर फॅमिली’ हे गाणं गायलं आणि रातोरात त्या जगभर पोचल्या. मग दोन परिच्छेद त्या एका गाण्यावर. शेवटी ‘डिस्कोची लाट ओसरली आणि त्यांचंही नाव मागे पडलं’, की टिपण संपलं. यात १९७९च्या आधीची आठ वर्षं गायब असतात. ज्या गाण्यानं त्यांना ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवून दिला ते १९८५चं ‘फ्रँकी’ही गायब असतं.

लिहिणारे आळशी नसतात, त्यांचा क्रम चुकतो. ते आधी गोष्ट ठरवतात आणि तिच्यात बसतील तेवढ्याच तारखा वेचतात. खाली दिलेला क्रम उलटा आहे: आधी माणसं, मग लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी) आणि निर्माते, मग देशवार चार्ट (म्हणजे गाण्यांच्या क्रमवाऱ्या), मग कानांनी पडताळणी, आणि सगळ्यात शेवटी सत्राची जुळवाजुळव. एका रविवारी हे होत नाही. दोन-तीन संध्याकाळी हाताशी ठेवा.

## तयारी: नऊ रकान्यांची वही

वही आडवी धरा किंवा संगणकावर तक्ता उघडा. रकाने असे: गाणं, ध्वनिमुद्रणाचं वर्ष, प्रकाशनाचं वर्ष, लेबल, निर्माता, मुख्य आवाज, आवृत्तीची लांबी, देश आणि चार्ट, क्रमांक.

ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांना वेगळे रकाने कशाला, असं हमखास विचारतात. १९७९च्या जानेवारीत बाजारात आलेली एलपी १९७९मध्ये गायलेली असणं शक्य नाही, म्हणून. सर्वांत धाकटी कॅथी ‘वी आर फॅमिली’ गायली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. प्रकाशनाचं वर्ष धरून वय काढलं की ती वीस वर्षांची होते, आणि तेच पुढे छापलं जातं.

हाताशी एवढं हवं:

- ‘वी आर फॅमिली’ ही पूर्ण एलपी. दोन्ही बाजू, आठही गाणी. संकलन चालणार नाही.
- तबकडीवर मधोमध चिकटवलेल्या कागदी लेबलचा आणि कव्हरच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो. स्वतःकडे रेकॉर्ड नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मागवा.
- बरे हेडफोन आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.

सावधान: मोबाइलवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये दिसणारं वर्ष वहीत उतरवू नका. पुष्कळदा ते पुनर्प्रकाशनाचं किंवा संकलनाचं असतं. अ‍ॅप ऐकायला वापरा, तारखेला नको.

रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढा. अंदाजानं भरलेला रकाना पुढच्या माणसाला खात्रीचा वाटतो, आणि मग तो चुकीचा आकडा तुमच्या नावावर फिरत राहतो.

## टप्पा १: माणसं

गाण्यांना हात लावायच्या आधी माणसांचं एक पान करा. डेबी (जन्म १९५४), जोनी (१९५६), किम (१९५७), कॅथी (१९५९). गाव फिलाडेल्फिया. आई फ्लोरेझ, वडील एडविन स्लेज. वडील नर्तक होते, ‘फ्रेड अँड स्लेज’ या टॅप नृत्याच्या जोडीतले. आजी व्हायोला विल्यम्स ऑपेरा गायलेली. गाण्याची शिस्त मुलींना लागली ती तिच्याकडून, आणि सुरुवातीच्या कार्यक्रमांत त्यांची ओळखही ‘मिसेस विल्यम्स यांच्या नाती’ अशीच करून दिली जायची.

या पानावर मला सर्वांत जास्त दुरुस्त्या कराव्या लागतात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली चूक ‘घराणं’ या शब्दाची. आजी गायिका आणि नाती गाणाऱ्या, एवढं वाचलं की आपल्याकडच्या लिहिणाऱ्याचा हात आपोआप त्या शब्दाकडे जातो. घराण्यात गायकी असते, बंदिशी असतात, मागून येणाऱ्यानं पुढे न्यायची एक तऱ्हा असते. इथे आजीनं गळा तयार केला, मंचावर उभं राहायला शिकवलं, पण पुढे मुली जे गायल्या ते ऑपेरा नव्हतं. ‘तालीम आजीकडे’ एवढं लिहा, तेवढं पुरेसं आहे. मंगेशकर भावंडांशी तुलनाही इथे उपयोगाची नाही. तिथे प्रत्येकाची वाट स्वतंत्र, आणि इथे तर चौघींचं मिळून एकच नाव आहे.

दुसरी चूक आडनावाची. पर्सी स्लेज हा सोल (कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताची एक शैली) गायक यांचा भाऊ किंवा काका नव्हे. आडनाव सारखं, नातं नाही.

तिसरी चूक गावाची. फिलाडेल्फियाच्या म्हणजे गॅम्बल आणि हफ या निर्मात्यांच्या ‘फिलाडेल्फिया इंटरनॅशनल’ लेबलच्या, असं धरून चालतात. त्यांचा एकही अल्बम त्या लेबलवर नाही. मुली फिलाडेल्फियाच्या, पण ज्या गाण्यांनी त्या ओळखल्या जातात ती न्यूयॉर्कमध्ये तयार झाली.

चौथी चूक मोजणीची. स्लेज कुटुंबात बहिणी पाच. कॅरल ही पाचवी कायमच्या चौकडीत नव्हती. म्हणून ‘सगळ्या बहिणी’ असं न लिहिता ‘चौघी’ लिहा.

तपासणी: १९७१ साली प्रत्येकीचं वय किती होतं ते या पानावर मांडा. कॅथी बारा वर्षांची, डेबी सतरा. हे डोळ्यांसमोर आलं की ‘डिस्को गायिका म्हणून पदार्पण’ असली वाक्यं हातून उतरत नाहीत.

## टप्पा २: लेबल आणि निर्माते यांचा सांगाडा

आता गाजलेली गाणी विसरा आणि अल्बम ओळीनं लावा. या चमूच्या बाबतीत निर्माता बदलला की आवाजाचा पोत बदलतो, म्हणून सांगाडा निर्मात्यांवर उभा करायचा.

१९७१: पहिलं सिंगल (एखाद-दुसऱ्या गाण्याची वेगळी तबकडी) ‘टाइम विल टेल’, ‘मनी बॅक’ नावाच्या छोट्या लेबलवर. नाव छापलंय ‘सिस्टर्स स्लेज’, अनेकवचनी. ही छपाईतली गफलत समजून दुरुस्त करू नका, जसं छापलंय तसं उतरवा.

१९७३पासून अ‍ॅटको हे लेबल. ‘मामा नेव्हर टोल्ड मी’ याच काळातलं. १९७५मध्ये पहिला अल्बम ‘सर्कल ऑफ लव्ह’, निर्माते टोनी सिल्व्हेस्टर आणि बर्ट डिकोटो. त्यातलं ‘लव्ह डोन्ट यू गो थ्रू नो चेंजेस ऑन मी’ आवर्जून नोंदवा. ते लिहिणाऱ्यांत ग्वेन गथ्री आहे, जी पुढे स्वतः गायिका म्हणून नावारूपाला आली.

१९७७: ‘टुगेदर’. लेबल कोटिलियन, निर्माते सिल्व्हेस्टर लेवाई आणि मायकेल कुन्झे, म्हणजे ‘सिल्व्हर कन्व्हेन्शन’ या डिस्को चमूच्या मागची म्युनिकची जोडी. ही ओळ जवळजवळ प्रत्येक टिपणात गळते. ती गळली की १९७९चं यश आकाशातून पडल्यासारखं दिसतं. अल्बम फारसा चालला नाही हे खरं, पण डिस्कोच्या कारखान्यात या बहिणी पहिल्यांदा गेल्या त्या इथे, आणि तेही जर्मनीतल्या.

१९७९: ‘वी आर फॅमिली’. निर्माते ‘शीक’ या डिस्को बँडचे नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत.

१९८०: ‘लव्ह समबडी टुडे’, तीच जोडी. १९८१: ‘ऑल अमेरिकन गर्ल्स’, नारदा मायकेल वॉल्डन यांच्यासोबत. १९८२: ‘द सिस्टर्स’, निर्मिती बहिणींची स्वतःची. १९८३: ‘बेट चा से दॅट टू ऑल द गर्ल्स’, निर्माता जॉर्ज ड्यूक. १९८५: ‘व्हेन द बॉईज मीट द गर्ल्स’, पुन्हा नाईल रॉजर्स, या वेळी एडवर्ड्सशिवाय.

म्हणजे १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत आठ अल्बम. ‘एका गाण्याच्या बहिणी’ हे शब्द या यादीपुढे टिकत नाहीत. यादीच्या खाली तसं वेगळं लिहायची गरज नाही, यादी वाचणाऱ्याला दिसतंच.

सावधान: अ‍ॅटको, कोटिलियन आणि नंतर अटलांटिक ही नावं बदलताना दिसली की लोक ‘कंपनी सोडली’ असं लिहितात. अ‍ॅटको आणि कोटिलियन ही दोन्ही अटलांटिकच्याच घरातली लेबलं. खोली बदलली, घर तेच.

एक दुरुस्ती मात्र कायमची लक्षात ठेवा. ‘वी आर फॅमिली’ हे बहिणींनी आपल्या कुटुंबावर लिहिलेलं गाणं नाही. ते रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी लिहिलं. अटलांटिकचे अध्यक्ष जेरी ग्रीनबर्ग यांनी या मुलींचं जे वर्णन केलं, ते ऐकून. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ हे बाहेरच्या दोन माणसांनी ओळखून त्यांच्या तोंडी घातलं. मला तर ही हकीकत त्या गोड गैरसमजापेक्षा जास्त रंजक वाटते, पण सांगणारे फार थोडे.

## टप्पा ३: चार्ट, आणि देशांची भेसळ

इथे घाई केलीत तर आधीची मेहनत वाया. तीन सवयी लावून घ्या.

देशाशिवाय क्रमांक लिहायचा नाही. ‘पहिला क्रमांक मिळाला’ हे वाक्य अपुरं आहे. कुठे, आणि कुठल्या चार्टवर? ‘हीज द ग्रेटेस्ट डान्सर’ अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या सोल चार्टवर पहिलं, सर्वसाधारण हॉट १००वर नववं, ब्रिटनमध्ये सहावं. ‘वी आर फॅमिली’ सोल चार्टवर पहिलं, हॉट १००वर दुसरं, ब्रिटनमध्ये आठवं. एकाच गाण्याचे तीन क्रमांक आणि तिन्ही बरोबर. चुकतं कधी, तर पहिला क्रमांक सोल चार्टवरून उचलायचा आणि शेजारी नाव हॉट १००चं लिहायचं. आलेल्या टिपणांत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता तो रकाना आधी तपासतो.

चार्टचं नावही त्या वर्षी जे होतं तेच लिहा. बिलबोर्डचा हा चार्ट १९८२पर्यंत ‘सोल’, मग १९९०पर्यंत ‘ब्लॅक’ आणि त्यानंतर ‘आर अँड बी’ या नावानं छापला जायचा. १९७९च्या गाण्यापुढे ‘आर अँड बी’ लिहिलं तर वाचकाला कळतं खरं, पण जुना अंक उघडून पडताळणाऱ्याला त्या नावाचं पान सापडत नाही.

एकाच गाण्याला एकापेक्षा जास्त ओळी लागतात. सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. ब्रिटनमध्ये १९७९च्या एलपीतली गाणी तीन वेगवेगळ्या वर्षी चार्टवर आली. ‘लॉस्ट इन म्युझिक’ १९७९ला सतरावं, १९८४ला नव्या मिश्रणासह चौथं, १९९३ला पुन्हा एका रिमिक्सनं चौदावं. ‘वी आर फॅमिली’ आठवं, तेहतिसावं आणि पाचवं, याच तीन वर्षांत. म्हणजे ब्रिटनमध्ये या गाण्याचा सर्वांत वरचा क्रमांक १९९३चा, मूळ वर्षाचा नव्हे! ‘थिंकिंग ऑफ यू’ १९७९मध्ये ‘लॉस्ट इन म्युझिक’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. ब्रिटनमध्ये ते वर आलं १९८४ला, अकराव्या स्थानी, आणि १९९३ला सतराव्या. प्रत्येक वेळेसाठी वेगळी ओळ करा. वर्ष वेगळं, आवृत्ती वेगळी, लांबी वेगळी.

ही शिकवण मला फुकट मिळालेली नाही. एका सत्रात मी १९८४चं ‘लॉस्ट इन म्युझिक’ वाजवून ‘ऐका, एकोणऐंशी सालचा ढोल’ असं ऐटीत सांगितलं होतं. तिसऱ्या रांगेतल्या एका काकांनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, “हा ढोल एकोणऐंशीचा नाही हो.” बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून माझ्या वहीत आवृत्तीचा रकाना आहे.

एका देशातलं यश दुसऱ्या देशातही धरून चालायची सवय १९७९पाशीच सोडून द्या. दोन गाणी शेजारी ठेवून पाहा. ‘माय गाय’, १९८२, हॉट १००वर तेविसावं. ‘फ्रँकी’, १९८५, ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिलं, अमेरिकेत पंच्याहत्तरावं. त्याआधी १९७५ला ‘मामा नेव्हर टोल्ड मी’ ब्रिटनमध्ये विसावं आलेलं, म्हणजे तिथल्या श्रोत्यांना हे नाव डिस्कोच्या भराच्या आधीपासून माहीत. दोन देशांसाठी दोन रंगांची पेन्सिल वापरा. अमेरिकेची रेघ १९७९ला शिखरावर जाऊन उतरते. १९८०चं ‘गॉट टू लव्ह समबडी’ हॉट १००वर चौसष्टावं, पुढच्या वर्षीचं ‘ऑल अमेरिकन गर्ल्स’ एकोणऐंशीवं. ब्रिटनची रेघ मात्र १९८४-८५ला पुन्हा चढते. एकच रेघ काढली तर दोन्ही खोट्या.

आणि अमेरिकेच्या उतरणीतही एक गंमत आहे. ‘गॉट टू लव्ह समबडी’ सोल चार्टवर सहावं होतं, ‘ऑल अमेरिकन गर्ल्स’ तिसरं. म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांनी साथ सोडली नव्हती. सर्वसाधारण चार्टनं दार लावून घेतलं होतं. ही ओळ तुमच्या टिपणात असेल तर बाकीची दोन पानं कमी पडली तरी चालतील.

सावधान: ‘गोल्ड’ आणि ‘प्लॅटिनम’ आजच्या मापानं मोजू नका. १९७९मध्ये अमेरिकेत गोल्ड सिंगल म्हणजे दहा लाख प्रती. १९८९ला ते माप पाच लाखांवर आणलं गेलं. अल्बमसाठी गोल्ड पाच लाख, प्लॅटिनम दहा लाख. त्या वर्षीचं माप शेजारी लिहिल्याशिवाय हे शब्द वापरूच नका.

तपासणी: वहीतली कुठलीही एक ओळ दुसऱ्याला वाचून दाखवा. “कुठे?” आणि “कुठल्या आवृत्तीला?” हे प्रश्न त्याला विचारावे लागले, तर ओळ अपुरी आहे.

## टप्पा ४: कानांची पडताळणी

कागद झाला, आता ऐकायचं.

आधी वेग. तबकडीवर ऐकणार असाल तर ही पायरी टाळू नका. बारा इंची सिंगल कधी ३३ तर कधी ४५च्या वेगावर असतं. आकार बघून ठरवाल तर फसाल, लेबल वाचा. ३३ची तबकडी ४५वर फिरली की स्वर पेटीवरच्या पाच पट्ट्यांनी वर चढतो: काळी एकमधलं गाणं काळी तीनच्याही किंचित वर जातं. एवढं तर कुणालाही कळेल. पण फिरता पट्टा सैल पडून वेग थोडासा मंदावला असेल तर तो कळत नाही आणि लांबीचा रकाना चुकतो. रेघांची चकती ठेवून वेग तपासत असाल तर चकतीवर ५० हर्ट्‌झची पट्टी बघा. आपली वीज ५०ची, अमेरिकेची ६०ची. ३३⅓साठी आपल्याकडे १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसायला हवं, तिकडे २१६चं. परदेशातून आलेल्या चकतीवर चुकीचं वर्तुळ बघून चांगल्या टर्नटेबलला दोष देणारे मी पाहिलेत. दिवा जुना पिवळा बल्ब हवा. बहुतेक एलईडीखाली रेघा नीट दिसत नाहीत.

मग प्रत्येक गाणं तीनदा.

पहिल्यांदा फक्त खालचा थर: एडवर्ड्सचं बास, रॉजर्सची गिटार, टोनी थॉम्पसनचे ड्रम्स. शब्दांकडे लक्ष देऊ नका. ठेका कुठे सम घेतो आणि बास कुठे जागा सोडतं, तेवढंच.

दुसऱ्यांदा मुख्य आवाज. १९७९च्या अल्बममधली जी चार गाणी सर्वांना माहीत आहेत (‘ग्रेटेस्ट डान्सर’, ‘लॉस्ट इन म्युझिक’, ‘थिंकिंग ऑफ यू’, ‘वी आर फॅमिली’) त्या चारही ठिकाणी पुढे आहे ती कॅथी. पण म्हणून रकाना वरपासून खालपर्यंत ‘कॅथी’ लिहून भरू नका. अल्बममध्ये आणखी चार गाणी आहेत, तिथे कान लावून एकेक नोंद करा. ओळखू आलं नाही तर प्रश्नचिन्ह.

तिसऱ्यांदा मागचे आवाज, आणि इथे भल्याभल्यांची विकेट पडते. मागे ऐकू येणारा तो गुळगुळीत, दाट समूह सगळा बहिणींचा, असं सर्रास लिहिलं जातं. कव्हरची मागची बाजू वाचा. या अल्बममध्ये शीकच्या परिवारातले गायकही मागे गायलेत: अल्फा अँडरसन, लूसी मार्टिन, नॉर्मा जीन राइट, आणि अजून स्वतःच्या नावानं प्रसिद्ध न झालेला लूथर व्हॅन्ड्रॉस. ‘कौटुंबिक गायनचमू’ हे वर्णन मंचासाठी खरं. तबकडीवर मात्र कुटुंबाच्या आवाजात पाहुणे मिसळलेले आहेत. म्हणून ‘रक्ताच्या नात्यामुळे आवाज असे एकजीव झाले’ हे लाडकं वाक्य निदान या अल्बमबद्दल लिहू नका. बहिणींचे आवाज शेजारी कसे बसतात ते ऐकायचं असेल तर आधीच्या अ‍ॅटको काळाकडे वळा.

शेवटी लांबी. ‘वी आर फॅमिली’ एलपीवर आठ मिनिटांहून लांब आहे, सिंगलवर साडेतीनच्या आसपास. ‘ग्रेटेस्ट डान्सर’ एलपीवर सहा मिनिटांहून थोडं अधिक. रेडिओवर ऐकून वाढलेल्या माणसानं पूर्ण गाणं कधी ऐकलेलंच नसतं. सिंगलमध्ये कात्री लागली ती बहुतेक कॅथीच्या मोकळ्या उपजेला. म्हणजे आपण ज्याला आलापी म्हणू, तीच नेमकी गेली.

## टप्पा ५: ‘डिस्को’ हा शब्द कुठे ठेवायचा

हा टप्पा छोटा आहे. शब्द शीर्षकात घाला, पण पूर्ण कारकिर्दीला चिकटवू नका. सप्टेंबर १९७४मध्ये या मुली झाईरच्या किन्शासा शहरात, मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या लढतीच्या निमित्तानं भरलेल्या संगीत महोत्सवात गायल्या. तेव्हा त्या सोल गाणाऱ्या मुली होत्या.

‘डिस्को मेला म्हणून त्या संपल्या’ हे तर तारखांपुढेच उभं राहत नाही. शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्या फोडल्या गेल्या १२ जुलै १९७९ला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पिट्सबर्ग पायरेट्स हा बेसबॉल संघ ‘वी आर फॅमिली’ला आपलं गाणं मानून वर्ल्ड सिरीज जिंकला. दोन्ही तारखा एकाखाली एक लिहा, बस.

## टप्पा ६: १९८५ नंतरचं पान

फार ताणू नका, पण कोरंही ठेवू नका. १९८९मध्ये कॅथीनं स्वतंत्र वाट धरली आणि १९९२ला तिचा ‘हार्ट’ हा एकटीचा अल्बम आला. उरलेल्या तिघींनी नाव चालू ठेवलं. २०१५च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियातल्या कुटुंब संमेलनात पोप फ्रान्सिस यांच्यासमोर हा चमू गायला. १० मार्च २०१७ला जोनी गेली, साठाव्या वर्षी. त्याच महिन्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ‘वी आर फॅमिली’ राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतल्याचं जाहीर केलं.

सावधान: १९८९ नंतरची कुठलीही मैफल नोंदवताना मंचावर कोण होतं ते लिहा. कॅथी असलेला संच आणि नसलेला संच, दोन्हींच्या जाहिरातीत ‘सिस्टर स्लेज’ हे शब्द असतात. फक्त चमूचं नाव लिहिलंत तर वाचणारा चौघींना एकत्र उभं करतो.

## टप्पा ७: सत्राची जुळवाजुळव

दीड तास धरा. त्यातला पाऊण तास गाणी, पाऊण तास बोलणं, आणि बोलणं एका दमात पाच मिनिटांच्या वर नाही.

क्रम प्रकाशनाच्या वर्षाचा. ‘मामा नेव्हर टोल्ड मी’ आणि ‘लव्ह डोन्ट यू गो थ्रू…’ आधी. मग ‘टुगेदर’मधला एक तुकडा, दोन मिनिटांचा पुरे. मग १९७९ची एलपी, ‘ग्रेटेस्ट डान्सर’पासून, कारण पहिल्या बाजूचं पहिलं गाणं तेच. ‘वी आर फॅमिली’ दुसऱ्या बाजूला पहिलं आहे. तबकडी उलटायला लागणारा अर्धा मिनिट ग्रीनबर्गची हकीकत सांगायला नेमका पुरतो. गाणं पूर्ण वाजवा. चौथ्या मिनिटाला लोक कुजबुजू लागतील, सहाव्याला गप्प होतील.

नंतर ‘ऑल अमेरिकन गर्ल्स’, ‘माय गाय’, ‘फ्रँकी’. क्रमाला एकच अपवाद करा: ‘लॉस्ट इन म्युझिक’ १९७९चं संपलं की लगेच १९८४चं लावा. पाच वर्षांत ढोलाचा आवाज किती बदलला ते शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

“ते गाणं आधी लावा ना” असं कुणीतरी म्हणणारच. लावू नका. पण बसून राहण्याची सक्तीही करू नका. किती वाजता येईल ते सांगा, चहा त्याच्या आधी ठेवा.

वाटायच्या कागदावर वहीतले नऊही रकाने छापायची गरज नाही. गाणं, वर्ष, निर्माता, देशासह क्रमांक एवढे चार पुरतात. पेन्सिलीची प्रश्नचिन्हं मात्र कागदावर राहू द्या. सत्र संपल्यावर दाराशी थांबा. ज्याला उत्तर माहीत असतं तो माणूस सभागृहात हात वर करत नाही, चपला घालताना सांगतो.